परड्यातली माती

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आमच्या घरामागच्या परड्यात लॉन घालण्याचे काम घेतलेला कंत्राटदार नुकत्याच खणलेल्या चराच्या काठावर उकिडवा बसला होता. चराच्या तळातून त्याने काळ्या मातीचे एक ढेकूळ उचलले, अंगठ्याने फोडले, नाकाजवळ नेले आणि बराच वेळ काही न बोलता ते बोटांत फिरवत राहिला. मग उठून, हात न झटकताच, त्याने आमच्या ह्यांना विचारले, "साहेब, ही माती निघणार ती मला न्यायची आहे. ट्रॉलीचं भाडं माझं मी बघतो. तुमची परवानगी पाहिजे." हे म्हणाले, "घेऊन जा की. नाहीतरी टाकूनच द्यायची आहे." एवढ्यावर खरे तर विषय संपायला हवा होता, पण त्याने माझ्याकडे वळून तोच प्रश्न नुसत्या नजरेने पुन्हा विचारला आणि मी मान हलवल्यावरच तो हात धुवायला नळाकडे गेला. गवत विकणारा माणूस माती कशाला मागतो, आणि मागतो ती इतक्या अदबीने का, हे त्या रात्री मला उलगडेना. मुख्य म्हणजे त्याने ती माती ज्या रीतीने नाकाशी नेली होती, ती रीत माझ्या ओळखीची होती.

लॉनची हौस ह्यांची. मराठा सेंटरमध्ये भरती झाल्यापासून सुभेदार म्हणून निवृत्त होईपर्यंत ते ज्या ज्या ठिकाणी राहिले, तिथे क्वार्टर गार्डसमोर हिरवळीचा एक चौकोन असायचाच. भोवती तिरप्या पुरलेल्या विटा, एक गेरूने रंगवलेली, एक चुन्याने. रंगरूट असताना त्या हिरवळीवर पाय ठेवायची मुभा नव्हती, फक्त ती कापायची आणि तिला पाणी घालायचे. सकाळी अनवाणी पायांनी स्वतःच्या गवतावर फिरावे आणि वेताच्या खुर्चीत बसून चहा घ्यावा, एवढीच त्यांची निवृत्तीनंतरची मागणी होती. ज्या माणसाने वाळवंटात आणि बर्फात वर्षे काढली, त्याच्या डोळ्यांना हिरव्या रंगाची भूक असते, हे मी संसारभर पाहिले आहे. त्यामुळे मी नको म्हटले नाही. तरी मनातून ती गोष्ट मला सहज पटतही नव्हती, कारण मी बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शेतकऱ्याची मुलगी आहे, आणि आमच्याकडे गवत ही बांधावरची, बैलांची आणि भांगलणीची गोष्ट होती.

आमचे घर अनगोळ-वडगावच्या बाजूला नव्याने वसलेल्या लेआउटमध्ये आहे. साईट घेतली तेव्हा चारी कोपऱ्यांवर दगड पुरलेले होते, एन.ए.चे, म्हणजे बिगरशेतीचे, कागद तयार होते आणि रस्त्यांच्या जागी मुरूम पडला होता. पण त्याच्या पलीकडे, अजून विकल्या न गेलेल्या तुकड्यात, भाताची कापलेली धाटे उभी होती. त्या दिवशी इतर लोक दिशा आणि वास्तू पाहत होते आणि मी ती धाटे पाहत होते. शहापूर, वडगाव, अनगोळ, माजगाव, येळ्ळूर हा सगळा पट्टा बेळगावच्या बासमतीचा. आता इंद्रायणी जास्त दिसते, पण माझ्या लहानपणी बासमती फुलोऱ्यात आली की बांधावरून चालताना वास अंगाला लागायचा, आणि शिवारात कुठून कुठवर बासमती आहे हे डोळे मिटून सांगता यायचे. भात निघाले की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. बाबा वळवाचा एक पाऊस झाला की रानात जाऊन मूठभर माती उचलायचे, फोडायचे आणि नाकाजवळ न्यायचे. धूळवाफेवर पेरणीची कुरी धरायची की अजून थांबायचे, याचा निर्णय त्या मुठीवर व्हायचा.

परड्यात बसलेल्या त्या माणसाने अगदी तेच केले होते.

त्याच्या आधी दोघे जण येऊन गेले होते. पहिल्याने जागा न पाहता फोनवरच चौरस फुटाचा दर सांगितला, त्यात खोदाई, माती, गवत, मजुरी सगळे धरले, आणि "दोन दिवसांत हिरवंगार" असे वचन दिले. दुसऱ्याने मोबाइलवर बंगल्यांची छायाचित्रे दाखवली आणि प्लास्टिकच्या गवताचा एक तुकडा हातात ठेवला; त्याला पाणी नको, कापणे नको, उन्हात रंग जात नाही, असे त्याचे म्हणणे होते. ह्यांनी तो तुकडा तळव्याने दाबून पाहिला आणि परत दिला. तिसरा हा. शेजारच्या गल्लीतल्या एका घराचे काम त्याने केले होते, तिथून त्याचा नंबर मिळाला. त्याच्या खिशात टेप होता, पण तो त्याने शेवटपर्यंत काढला नाही. आधी एक कळशीभर पाणी मागून घेतले, परड्याच्या मध्यभागी ओतले, आणि ते कुठे पळते, कुठे थांबते, कुठे जिरते हे पाहत उभा राहिला. मग विचारले, "झडीत पाणी कुठं तुंबतं? आणि किती वेळ?" मी सांगितले की पेरूच्या झाडाच्या अलीकडे तुंबते आणि आषाढात दोन-दोन दिवस हलत नाही. तो म्हणाला, "तुंबणारच की. घर बांधताना पुढं मुरूम भरलाय, इथं विटांचा ढीग असणार, म्हणून हे तसंच राहिलं. हे मूळ रान आहे. भाताचं." मी म्हटले, "तुम्हाला कसं कळलं?" तर त्याने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरून दाखवली आणि माझ्या बोलण्याच्या ढबीवरून विचारले, "तुमचं माहेर कुठलं?" येळ्ळूर म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. तोही तिथलाच निघाला, आमच्या आळीच्या खालच्या अंगाचा. त्या क्षणापासून मी मॅडमची आत्या झाले. ह्यांना "मामा" म्हणायला मात्र त्याला आठवडा लागला, कारण ह्यांच्या मिशा आणि आवाज अजून पलटणीतले आहेत.

त्याने दुसऱ्या दिवशी वहीच्या कागदावर हिशेब लिहून आणला. खोदाई वेगळी, चराची खडी वेगळी, तांबडी माती ब्रासच्या, म्हणजे शंभर घनफुटांच्या, भावाने, वाळू आणि शेणखत वेगळे, गवत चौरस फुटावर, मजुरी उक्ती. निम्मी रक्कम गवताची गाडी दारात आल्यावर आणि शेवटचा हप्ता दुसऱ्या कापणीनंतर, अशी अट त्याने स्वतःहून घातली. पहिल्या माणसाचा आकडा ह्याच्यापेक्षा कमी होता आणि ह्यांचे मन क्षणभर तिकडे झुकलेही, पण मी ह्या कागदाच्या बाजूने उभी राहिले. ज्याला गवताखाली काय काय लागते ते ओळीने लिहिता येते, त्याला ते घालताही येत असणार, असा माझा हिशेब होता. आमचे परडे अर्ध्या गुंठ्याच्या आसपास, म्हणजे साडेपाचशे चौरस फूट धरा. एवढ्या हिरवळीला कडक उन्हाळ्यात आठवड्याला इंचभर पाणी लागते, म्हणजे बाराशे-तेराशे लिटर, हेही त्याने आधीच सांगितले. राकसकोप आणि हिडकल धरणांच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात मे महिन्यात हा आकडा ऐकताना बरे वाटत नाही. धुण्याचे शेवटचे पाणी आणि पावसाळ्यात गच्चीवरून उतरणारे पाणी यांची सोय लावल्याखेरीज मी होकार देणार नाही, असे मी सांगितले. उन्हाळ्यात गवत थोडे पिवळे पडले तर पडू द्यायचे, त्याने ते मरत नाही, असे तो म्हणाला आणि ह्यांच्याकडून तसे कबूल करून घेतले.

काम मे महिन्यातच सुरू करायचे, पण गवत घालायचे ते मृगानंतर, हा त्याचा आग्रह होता. मधल्या काळात जमीन उघडी ठेवायची, वळीव पडू द्यायचा, पोटातले सगळे तण एकदा वर येऊ द्यायचे आणि मग ते मुळासकट काढायचे. ऐन जुलैच्या झडीत तो गवत घालत नाही. तेव्हा दिलेला उतार टिकत नाही, नवी मुळे चिखलात कुजतात आणि गिऱ्हाइकाला वाटते की गवत खराब होते. हे सगळे तो सांगत होता तेव्हा मला बाबांच्या पेरणीचे दिवस आठवत होते. आभाळ आणि जमीन यांच्या मधल्या त्या चार-सहा आठवड्यांत शेतकरी जे करतो, तेच हा माणूस अर्ध्या गुंठ्यात करू पाहत होता.

खोदाईला सौंदत्तीकडच्या बायका आल्या. कन्नडमध्ये बोलायच्या, मधूनच माझ्यासाठी मराठीत यायच्या, आणि मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये त्यांना उत्तरे द्यायची. वरच्या वितीत काँग्रेस गवत, हरळी आणि लव्हाळा यांचे जाळे होते. हरळी म्हणजे तीच दूर्वा, जिच्या जुड्या गणपतीला वाहतो. भाताच्या बांधावर मात्र तिच्यासारखा चिवट शत्रू नाही, कारण तिचा एक पेर जमिनीत राहिला तरी पुढच्या पावसात ती तिथे हजर असते. लॉनसाठी जे गवत आमच्याकडे येणार होते ते ह्याच हरळीच्या कुळातले, निवडून बारीक पानाचे केलेले. कोरियन गवत पायाला जास्त मऊ असते, पण वाढते सावकाश, महाग पडते आणि वेळेवर कापले नाही तर त्याचे उंचवटे होतात, म्हणून त्याने ते नको म्हटले होते. खरा वैरी लव्हाळा. वरचे पाते उपटले की ते हातात येते आणि खालची गाठ जमिनीतच राहते. त्या गाठीला बारीक दोऱ्याने दुसरी गाठ, तिला तिसरी. त्या बायका खुरप्याच्या टोकाने दोरा न तोडता एकेक माळ सोडवत होत्या. काळ्या, शेंगदाण्याएवढ्या त्या गाठी फुटल्या की उटण्याचा वास यायचा. दिवाळीच्या उटण्यात पडतो तो नागरमोथा ह्याच जातीचा. एका बाईने त्या गाठी पदरात बांधून घेतल्या आणि घरी नेल्या. तिच्या शेजारी बसून मीही बराच वेळ खुरपत राहिले. कितीतरी वर्षांनी माझ्या नखांत ती माती गेली होती, आणि भांगलणीला बसलेल्या बायकांच्या बोलण्याची ती संथ लय, भाषा वेगळी असूनही, माझ्या आईच्या वेळची होती.

निघालेली माती त्याने लगेच नेली नाही. घराच्या बाजूच्या रिकाम्या जागेत ती वितीपेक्षा पातळ पसरवली, उन्हात तापू दिली, दर दोन-तीन दिवसांनी दाताळ्याने उलटली. लव्हाळ्याची सुटलेली गाठ भर उन्हात कोरडी पडली की मरते, ओलीत राहिली की पुन्हा फुटते. मग मोठ्या चाळणीतून माती चाळून घेतली. चाळणीवर विटांचे तुकडे, फरशीचे कपचे, सिमेंटचे गोळे, गुटख्याच्या पुड्या आणि बांगडीची काच राहिली. खाली राहिली ती दाणेदार काळी माती. तिला पाहून ह्यांनी प्रथमच विचारले, "एवढी चांगली आहे तर आपणच का ठेवत नाही?" त्यावर तो म्हणाला, "मामा, भाताला पाणी धरून ठेवणारी माती पाहिजे, लॉनला सोडणारी. हिच्यावर गवत घातलं तर पावसाळ्यात तुमचे पाय घोट्यापर्यंत जातील आणि उन्हाळ्यात भेगांत बोट जाईल." त्यातली थोडी माती मात्र त्याने ठेवून घेतली. तांबडी माती, वाळू आणि शेणखत भरून झाल्यावर वरच्या दोन इंचांत ती मिसळायची होती. गवताच्या तुकड्याला खालून त्याच्या शेतातली काळी माती चिकटलेली असते. ती थेट भुरभुरीत थरावर ठेवली तर दोन मातींच्या सांध्यावर पाणी अडते, मुळे तिथेच घोटाळतात आणि खाली उतरत नाहीत. हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवले असेल असे मला वाटत नाही.

तांबडी माती खानापूरच्या बाजूने आली. टिप्पर रिकामा होताना तिचा लालभडक धुरळा शेजारच्या भिंतीवर बसला आणि पहिल्या वळवानंतरही पुसला गेला नाही. मी चालकाला विचारले की ही कुठून काढता. तो म्हणाला, एका टेकडीचं काम चाललंय. अधिक त्याला सांगायचे नव्हते. माझ्या मनातल्या वहीत त्या दिवशी आणखी एक ओळ वाढली: आमच्या परड्यातली काळी माती येळ्ळूरला चालली, कुणाच्या तरी टेकडीची तांबडी माती आमच्याकडे आली, आणि अजून गवत यायचे आहे.

उतार त्याने पाण्याच्या नळीने काढला. घराच्या जोत्यापासून मागच्या गटारीकडे, दहा फुटांना दीड-दोन इंच. डोळ्यांना तो दिसत नाही, पण पाण्याला दिसतो. पेरूच्या बुंध्याभोवती त्याने मोठे वर्तुळ उघडेच ठेवले, कारण सावलीत हे गवत धरत नाही. ह्यांना तो मातीचा गोल खटकला. मला मोकळा श्वास घेतल्यासारखे वाटले. तिथे मी अळू लावणार हे तेव्हाच ठरवले.

मृगाचे दोन-तीन पाऊस झाल्यावर एका पहाटे गवताची गाडी आली. ओल्या गोणपाटाखाली तुकडे एकावर एक रचलेले होते, गुंडाळलेल्या घोंगड्यांसारखे जड. मी हात लावून पाहिला तर ते आतून कोमट होते. कापलेले गवत ढिगात श्वास घेत राहते आणि तापते. म्हणून ज्या दिवशी कापले त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी ते जमिनीवर अंथरले गेलेच पाहिजे, नाहीतर आतले तुकडे पिवळे पडतात. त्या दिवशी कुणी जेवायला नीट बसले नाही. एक ओळ दोरीला धरून सरळ घातली, दुसरी ओळ अर्ध्या तुकड्याने सुरू करून सांधेमोड केली, सांध्यांत चाळलेली माती भरली, वरून धुमसाने हलके ठोकले आणि लगोलग पाणी. बायका मागे सरकत सरकत काम करत होत्या, म्हणजे ओल्या गवतावर गुडघ्याचा खड्डा पडायला नको. सगळे घालून झाल्यावर ह्यांनी चपला काढल्या. त्याने हात आडवा केला. "मामा, अजून नाही." पंधरा-वीस दिवसांनी येऊन त्याने कडेचा एक कोपरा चिमटीत धरून वर ओढून दाखवला. जमिनीने तो सोडला नाही. दुसऱ्या एका कोपऱ्यात तो थोडा सुटला, तेव्हा त्याखाली पांढरी, दोऱ्यासारखी मुळे तांबड्या मातीत उतरताना दिसली. मग त्याने ह्यांना पाय ठेवायला सांगितले. पलटणीतली सगळी वर्षे त्या एका पावलात मागे पडताना मी पाहिली, आणि माझ्या मनात लॉनविषयी जो अढीचा भाग उरला होता तोही त्या वेळी बराच सैल झाला.

पण माझा प्रश्न तसाच होता, म्हणून श्रावणात माहेरी गेले तेव्हा त्याच्या शेतात गेले.

राजहंसगडाच्या पायथ्याकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला त्यांचे रान. खालच्या अंगाला गुडघाभर इंद्रायणी पाण्यात उभी होती आणि वरच्या अंगाला, बोअरच्या जवळ, लॉनचे वाफे होते. गवताचा काही भाग कापून नेलेला होता, तिथे जमीन उघडी पडली होती आणि ती शेजारच्या न कापलेल्या गवतापेक्षा सरळ सरळ खाली गेलेली दिसत होती. ते पाहताना माझ्या लक्षात आले. लॉनचा प्रत्येक तुकडा जाताना आपल्याबरोबर शेताची अर्धा इंच माती घेऊन जातो. भात नेताना शेतकरी दाणा नेतो, पेंढा नेतो, धाटे रानात राहतात. माती कुठेही जात नाही. ह्या पिकात माती हाच मालाचा भाग आहे. त्याने मला बांधावर उभे करून हिशेब सांगितला. आमच्यासारख्या परड्याला गवत दिले की वीस-बावीस घनफूट माती रानातून जाते, म्हणजे पाव ब्राससुद्धा नाही; पण वर्षभर गाड्या जात राहिल्या की रान बांधापासून खाली उतरते, पावसाळ्यात वरच्या रानाचे पाणी त्यात येऊन बसते आणि खताने ती उणीव भरत नाही. आमच्याकडून त्याला अडीच ब्रासच्या आसपास माती मिळाली होती. "एका परड्यातली मिळाली की दहा परड्यांची भरपाई होते, आत्या. पण दहांतल्या नऊ ठिकाणी खणलं की मुरूम आणि सिमेंटच निघतंय."

त्याचे वडील बांधावर बसून आमचे बोलणे ऐकत होते. त्यांचा ह्या धंद्याला विरोध आहे आणि तो त्यांनी माझ्यासमोर लपवला नाही. "रान विकणं म्हणजे सातबारा देणंच असतं असं नाही, असं मी ह्याला सांगतो," एवढे ते म्हणाले. मुलाने त्यांना उलट उत्तर दिले नाही. खालचे भाताचे रान लॉनखाली आणायचे नाही, आणि वरच्या रानातून जेवढी माती गेली तेवढी परत आल्याशिवाय पुढचा वाफा कापायचा नाही, ह्या दोन अटींवर बापलेकांत समेट झालेला आहे. भाताचे पैसे वर्षातून एकदा येतात, लॉनचे महिन्याला. मुलांची फी महिन्याला असते. मला दोघांचेही बोलणे खरे वाटले. त्या शिवारात उभे राहून एकाच्या बाजूने निकाल देणे मला जमले नसते आणि आजही जमत नाही.

परत येताना वाटेत हलगा-मच्छे बायपासचे काम लागते. त्या पट्ट्यातली पिकाऊ जमीन वाचावी म्हणून शेतकरी कित्येक वर्षे रस्त्यावर आणि कोर्टात भांडले. रस्त्यासाठी उकरलेल्या काळ्या मातीचे ढीग दोन्ही बाजूंना पावसात भिजत होते आणि त्यांचे ओघळ खाली वाहत होते. बळ्ळारी नाला दरवर्षी शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात पसरतो, भात बुडवतो, आणि मग नाल्यातला गाळ काढा म्हणून निवेदने दिली जातात. तो गाळ ही अशीच कुणाची तरी वरची माती असते. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, हे शाळेत आपण सगळेच पाठ करतो. आमच्या लेआउटमध्ये प्रत्येक पाया खणताना तिच्यातली कितीतरी फूट बाहेर येते, आणि ती कुठे जाते हे विचारण्याची पद्धत नाही. ट्रॅक्टरवाला ती रात्री जिथे मोकळे असेल तिथे ओततो. सिमेंट, सळी, खडी, वाळू यांची पावती असते. ह्या एका वस्तूची नसते, म्हणून ती विचारून नेणारा माणूस त्या संध्याकाळी मला वेगळा दिसला.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळे सांगितले. ते ऐकून घेत गवतावरच उभे होते. म्हणाले, "म्हणजे मी कुणाच्या तरी भातावर उभा आहे." मी म्हटले, भातावर नाही, त्याच्या शेजारच्या रानावर, आणि आपल्या परड्यातले रान त्याच्याकडे पोचले आहे. ह्या उत्तराने त्यांचे किती समाधान झाले ते माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी ते लेआउटच्या सेक्रेटरींकडे गेले आणि पुढच्या गल्लीत ज्यांचे पाये खणायचे आहेत त्यांची नावे लिहून आणली. त्यांतल्या दोघांशी बोलणे झाले आहे. एकाच्या साईटवर जेसीबी आमच्या आधी पोचला होता. दुसऱ्याने वरची दोन फूट माती वेगळी रचून ठेवायला होकार दिला आहे. ढीग मात्र आठ दिवसांत हलला पाहिजे, अशी त्याची अट आहे, आणि पावसात ट्रॉली आत जात नाही ही अडचण.

दुसरी कापणी गेल्या आठवड्यात झाली. पात्याचा वरचा एक तृतीयांश भाग तेवढा काढायचा, त्याहून खाली जायचे नाही, हे त्याने ह्यांना स्वतः मशीन धरून दाखवले. मग शेवटच्या हप्त्याचा कागद पुढे केला. त्यात सगळ्यांत खाली, वेगळ्या शाईत, "काळी माती" असे लिहून अडीच ब्रासचे पैसे बिलातून वजा केलेले होते. ह्यांनी ती ओळ खोडली. त्याने ती पुन्हा लिहिली आणि म्हणाला की बाबांना बिल दाखवायचे असते. बऱ्याच बोलाचालीनंतर मी मध्ये पडले आणि असे ठरले की बिल पूर्ण द्यायचे, आणि मातीच्या मोबदल्यात त्याने खालच्या रानातली इंद्रायणी आम्हाला द्यायची, त्या दिवशी बाजारात जो भाव असेल त्या भावाने धरून. कागदाच्या पाठीवर ते तसे लिहून त्याने आणि ह्यांनी सह्या केल्या आहेत. भात अजून पोटरीत आहे, कापणी दिवाळीच्या पुढेमागे होईल.